डाव्या नळीतली गोळी

दसरा झाला की आमच्या दवाखान्यात हात यायला लागतात. विळ्यानं चिरलेले, मळणी यंत्रात सापडलेले, साप डसून कोपरापर्यंत सुजलेले. जतच्या या कोरड्या मुलखात परिचारिका म्हणून इतकी वर्षं काढल्यावर हातांकडे बघूनच मला कळतं, कुणाच्या रानात काय निघालंय. परवा आलेला हात मात्र सुगीचा असून सुगीचा नव्हता. मक्यात डुकरं शिरली म्हणून वस्तीवरच्या एका मेंढपाळानं सुतळी बॉम्ब पेटवला होता आणि फेकायच्या आधीच तो त्याच्या मुठीत फुटला होता. सीमेवरचा माणूस, येताना मराठीत बोलत होता. मी जखमेवर पाणी ओतलं तसा कानडीवर गेला. "कै नोयतैति, सिस्टर, कै नोयतैति." हात दुखतोय, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

कातडीत घुसलेले कागदाचे तुकडे चिमट्यानं काढताना जळक्या दारूचा वास नाकात गेला. आणि त्याच्या मागोमाग, जतमध्ये कुठंही नसलेला एक वास आला. दवानं भिजलेल्या, नुकत्या तुडवलेल्या नाचणीचा. माझा चिमटा थांबला. शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि पुढचा तुकडा काढला.

माझं माहेर जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर. तिकडची सुगी इकडच्यासारखी उघड्या माळावर होत नाही. पाऊस ओसरून डोंगरमाथ्याच्या सड्यावरचं गवत पिवळं पडतं, खाचरातलं पाणी आटतं, आणि उतरणीच्या पट्ट्यांवर नाचणी लालसर होते. तिची कणसं मिटलेल्या मुठींसारखी असतात. सकाळी रानात गेलं की कमरेपर्यंत भिजायला होतं. कापलेल्या भाताचा गोडसर वास, शेणानं सारवलेलं खळं, चुलीवर उकळणारा गवती चहा, हे सगळं मला आठवतं. पण खरं सांगायचं तर सुगी म्हटलं की आधी रक्त आठवतं. कापणीत विळ्याखाली तुटून पडलेला, तरीही वळवळत राहिलेला साप आठवतो. डुकरांनी मुसंडी मारून उलथलेली खाचरं आठवतात. वर्षभराचं धान्य खळ्यावर यायच्या आधी जो तो त्यावर तुटून पडतो, आणि माणूसही मग जनावरासारखाच दात दाखवून उभा राहतो.

मी सांगतेय ती सुगी माझं नर्सिंगचं शिक्षण संपलं त्या वर्षीची. नोकरी लागायची होती, म्हणून घरी होते. वडील, म्हणजे आमचे आबा, लष्करातून हवालदार होऊन घरी परतलेले. त्यांचे धाकटे भाऊ नामदेव. आम्ही पोरं त्यांना नाना म्हणायचो, आबा त्यांना नामा म्हणायचे. आबा सीमेवर असताना दोघांच्या वाटणीचं रान नानांनी एकट्यानं कसलं. आबा सुट्टीवर यायचे ते पाहुण्यासारखे, ट्रंक घेऊन. आम्हाला ताप आला की उतरणीवरून खाली पळणारे ते नाना.

आबांनी निवृत्तीनंतर पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून एक दुनळी बंदूक घेतली होती. बारा बोअरची, जुनी, दस्त्यावर चरे पडलेली. परवान्यावर राखणदार म्हणून नानांचंही नाव घातलं होतं. बंदूक आबांची आणि नेम नानांचा, असं गावात म्हणत. आबांनी तेल पुसता पुसता एकदा मला तिच्या नळ्या दाखवल्या होत्या.

"बोट घाल बघू दोन्हीत."

मी करंगळी घातली. मला काही फरक कळला नाही.

"उजवी नळी शेवटापतोर सारखी हाय. डावीचं तोंड आतनं आवळल्यालं हाय. त्येला चोक म्हणत्यात. छर्रे मारलं की ते आवळून जात्यात आन् लांबवर एका जागी पडत्यात. पण डावीत गोळी घालायची न्हाई. छर्रे शंभर, ते अंग चोरून घेत्यात. गोळी एकलीच, शिशाचा गोळा. तिनं अंग कुठं चोरायचं?"

"पण फरक तर दिसतच नाही, आबा."

"केसाएवढा हाय. तेवढा पुरतो."

नाना शेजारीच विळ्याला धार लावत बसले होते. त्यांनी ऐकलं. त्यांना ते ठाऊकही होतं.

त्या वर्षी डुकरांनी कहर केला. नानांचा काळू नावाचा कुत्रा एका संध्याकाळी खालच्या पट्टीत डुकरावर धावून गेला आणि पोट फाटून परत आला. नानांनी त्याची आतडी पंच्यात गोळा केली, पंचा त्याच्या पोटाभोवती आवळला आणि त्याला छातीशी धरून घरी आणलं. उंबऱ्याशी येईपर्यंत कुत्रा गेला होता. नानांनी त्याला बांधाच्या कडेला पुरलं, हात धुतले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. त्यानंतर त्यांचं बोलणं तुटक झालं. डुकरांमागोमाग वरच्या रानातून सांबरं उतरायला लागली. डुक्कर उलथून जातं, पण सांबर शांतपणे उभं राहून कणीस न् कणीस ओरपतं. सकाळी पाहावं तर पट्टीत नुसती ताटं उभी, वरची मूठ गायब.

"दादा, खालची पट्टी निम्मी संपली," नाना ओट्यावर येऊन म्हणाले. दिवेलागण होत होती. मी आणि आई आत पावटे सोलत होतो. "एक सांबर पाडतो. एक पडलं की बाकीची फिरकत न्हाईत."

"सांबराला हात लावायचा न्हाई. डुकराची परवानगी काढलीया, सांबराची मिळत न्हाई."

"डुकरानं खाल्लेली नाचणी आन् सांबरानं खाल्लेली नाचणी येगळी आसती व्हय?"

"कायद्यात येगळी हाय."

"मग कायद्याला सांग, राखणीला ये म्हणून."

"नामा, लय बोलू नगंस. बंदूक माझ्या नावावर हाय. बट्टा लागला तर माझ्या लष्करातल्या नोकरीला लागंल."

 नाना म्हणाले, "बंदूक तुझी. रान तुझं. नोकरी तुझी. मी कोण हाय रं? गडी?"

आबांनी उत्तर दिलं नाही. पावट्याची शेंग हातात धरून आई तशीच थांबली होती. मला वाटतं, आबांनी त्या वेळी काहीही बोलायला हवं होतं, अगदी शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण लष्करातल्या माणसाला प्रश्नाला उत्तर न देणं म्हणजे प्रश्न निकालात काढणं वाटतं. नाना उठून गेले.

नानांनी गोळीची काडतुसं कुठून आणली ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. डोंगरापलीकडे कुणीतरी घरी शिसं ओतून गोळे पाडायचा आणि जुन्या काडतुसांत भरून द्यायचा, एवढंच पुढे कानावर आलं. त्या सकाळी राखणीची पाळी नानांची होती. आबांनी त्यांना हवेत उडवायला म्हणून बारीक छर्ऱ्यांची काडतुसं दिली होती. ती नंतर राखणीच्या माचीवर जशीच्या तशी सापडली.

उजाडत होतं. आबा आणि मी चहाची किटली आणि कापणीचा विळा घेऊन रानात चाललो होतो. दरीत धुकं भरलं होतं आणि वरच्या पट्ट्या धुक्याबाहेर काढल्यासारख्या दिसत होत्या. बांध चढून वर आलो आणि मी सांबर पाहिलं. मादी होती. अंगावर दव, कान उभे, तोंडात नाचणीचं ताट. आमच्या आणि तिच्या मध्ये नाना उभे, आमच्याकडे पाठ करून, बंदूक खांद्याला लावून.

आवाज झाला आणि मादी बसली. तिला कुणी ढकलून बसवावं तशी मागच्या पायांवर बसली. मग पुढच्या पायांनी उठली, मागचं अंग ओढत फिरली. पोटाच्या खाली काहीतरी लोंबत होतं. ती ओरडली. सांबराची हाक मी लहानपणापासून ऐकत आलेय, घंटेवर दगड मारावा तशी ती असते. ही हाक तशी नव्हती. ती बाईसारखी होती.

"नामा!" आबा ओरडले आणि पळाले. त्या वयात ते इतकं पळू शकतील असं मला वाटलं नव्हतं. नाना दुसरी गोळी झाडायला नेम धरत होते. आबा वळसा घालून त्यांच्या समोर गेले आणि त्यांनी उजव्या हाताच्या मुठीत नळ्यांची टोकं पकडली. "सोड. सोड म्हणतोय. मेली ती. आता तरी सोड." नानांनी बंदूक मागे ओढली, आबांनी पुढे. दोन भाऊ गुडघाभर नाचणीत एका बंदुकीला झोंबत होते. आबांनी जोर करून नळी बाजूला रेटली, आणि तेवढ्यात ती उडाली.

तो बंदुकीचा आवाज नव्हता. जाड पत्रा फाटावा तसा होता. डाव्या नळीतही गोळीच होती. आवळलेल्या तोंडातून ती बाहेर पडू शकली नाही, आणि ते तोंड नेमकं आबांच्या मुठीत होतं.

मी पोचले तेव्हा आबा आपल्या हाताकडे बघत होते. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्याला धरायला दिलाय, असं बघत होते. अंगठा होता, करंगळी होती, मध्ये काही नव्हतं. नळीचं टोक केळफुलासारखं उलगडलं होतं आणि त्याच्या पोलादी पाकळ्यांना मांस चिकटलं होतं. मी माझी ओढणी त्यांच्या मनगटाच्या वर बांधली, गाठीत विळ्याची मूठ घातली आणि पीळ दिला. रक्त उडत होतं ते थांबेपर्यंत पीळ दिला. शिक्षणात जे पुतळ्यावर केलं होतं ते पहिल्यांदा माणसावर केलं, आणि तो माणूस माझा बाप होता. आबा ओरडले नाहीत. दातांवर दात घासल्याचा आवाज मात्र मला येत होता.

सांबर अजून मरत नव्हतं. ते नाचणी आडवी करत, स्वतःभोवती फिरत होतं. कणसांवर, ताटांवर, मातीवर, सगळीकडे रक्त.

"नामा," आबा म्हणाले, "तिला आधी सोडव. तशी ठिवू नगंस."

नाना हातात फुटकी बंदूक धरून उभे होते. त्यांच्या तोंडावर आबांच्या रक्ताचे शिंतोडे होते. त्यांनी बंदूक टाकली, कमरेचा कोयता काढला आणि मादीच्या दिशेनं गेले. पहिला घाव नीट बसला नाही. तिनं मान उचलली. दुसरा शिंगं नसलेल्या कपाळावर बसून घसरला. मग ते तिच्या मानेवर गुडघा टेकून बसले आणि घाव घालत राहिले. ती निपचित पडली तरी घालत राहिले. ते रडत होते, की धाप लागून तसा आवाज येत होता, ते मला कळलं नाही. आबांनीच हाक मारून त्यांना थांबवलं.

मग नानांनी आबांना पाठीवर घेतलं. रस्ता खाली होता, वाट ओली होती. मी मागून विळ्याची मूठ धरून चालत होते, पीळ सुटू नये म्हणून. रस्त्यावर दुधाची जीप मिळाली. जीपमध्ये आबा पांढरे पडले होते, पण शुद्धीत होते. ते म्हणाले, "डुकरावर झाडली, आन् झाडली मी. कुणी इचारलं तर एवढंच सांगायचं. समजलं का रं, नामा?"

नानांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते जीपच्या हिसक्यांत कळलं नाही.

साताऱ्याला आबांना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं आणि मी बाहेर आले तेव्हा नाना नव्हते. मला वाटलं, पळाले. खूप राग आला. औषधांच्या वासाच्या त्या बोळकंडीत उभी राहून मी त्यांना मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. दुसऱ्या दिवशी आई आली तेव्हा कळलं. नाना थेट मेढ्याला वनखात्याच्या कचेरीत गेले होते. रक्तानं कडक झालेल्या शर्टात उभं राहून त्यांनी सांगितलं, "सांबर मी मारलं. चला, दाखवतो." आणि त्यांना घेऊन डोंगर चढून गेले. चुलतीनं, नानांच्या बायकोनं, म्हणे रस्त्यात आडवी पडून त्यांना अडवलं. "आवं, भावानं झाकलंय, तुमी कशाला उघडं करताय?" ते तिला ओलांडून पुढे गेले.

आबांना मी हे सांगितलं. त्यांच्या हाताला मोठा गुंडाळा होता, डोळे औषधानं जड झालेले.  "गाढव हाय," एवढंच ते म्हणाले.

नाना तुरुंगात गेले, जामिनावर सुटले, मग खटल्याच्या तारखांना हेलपाटे घालत राहिले. बंदूक जप्त झाली, परवाना गेला. शिकारीचं मांस कुणीही खाल्लं नव्हतं. वनखात्यानं मादीचा पंचनामा करून तिला जाळलं. खालच्या पट्टीतली उरलेली नाचणी त्या वर्षी कुणी कापली नाही. ती तशीच वाळली आणि झडली. नाना सुटून आले त्या दिवशी आबा ओट्यावर बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाना ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. आई पाणी घेऊन गेली. कुणी काही बोललं नाही, आणि कुणी उठूनही गेलं नाही. पुढे किती तरी महिने ते असेच बसायचे. आबांच्या सदऱ्याची बटणं नाना लावायचे, न बोलता. मी त्याला प्रायश्चित्त समजत होते. पुढे मला नोकरी लागली, मी जतला आले, आणि घराकडे वर्षातून एकदोनदा जाणारी माणसं जशी सगळं समजल्यासारखं करतात तशी मीही करत राहिले.

परवाच्या त्या हातानं मला दिवाळीला घरी नेलं. त्या मेंढपाळाची बोटं वाचली. घरी जाताना तो चांगला हात कपाळाला लावून गेला. पण मला स्वस्थता नव्हती. मुठीत दारू फुटली की बोटं बाहेरच्या बाजूला उलटी वळतात, ते मी पाहिलं होतं. त्यावरून आबांच्या हाताचं काय झालं होतं ते मी पुन्हा मनाशी मांडत होते. नाना माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता. चापावरचं बोटही पाहिलं नव्हतं. आबांनी नळी ओढली आणि हिसक्यानं चाप दबला, हे कुणी मला सांगितलेलं नव्हतं. ते मीच ठरवलं होतं.

नाचणीची कापणी चालू होती. नाना आता पार वाकलेत, पण विळा अजून तसाच चालतो. मी त्यांच्या शेजारी ओळीत बसून कापायला लागले. आबा वरच्या बांधावर आंब्याच्या सावलीला बसले होते.

"नाना, एक विचारू?"

"इचार की."

"त्या दिवशी आबांनी नळी ओढली म्हणून चाप दबला ना?"

विळा थांबला. त्यांनी हातातली कणसं खाली ठेवली, नीट, एकावर एक.

"न्हाई," ते म्हणाले. "त्यानं नळी धरली तवा सांबर माझ्या नजरंतनं गेलं बघ. फकस्त दादा दिसला. आन् मी चाप वढला."

"हात सोडावा म्हणून?"

"हात सोडावा म्हणून, का मरावा म्हणून. त्या घडीला दोन्ही एकच हुतं, पोरी. त्यानं नळी बाजूला रेटली नसती आन् त्वांड फुटलं नसतं, तर गोळी त्याच्या छातीतनं जाती."

माझ्या हातातला विळा मी जमिनीवर ठेवला.  खालच्या पट्टीतून कापणाऱ्या बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, कुणीतरी हसलं.

"आबांना कधी सांगितलंत?"

"कसं सांगू? मी फॉरेस्टात गेलो तवा वाटलं, सगळंच सांगून टाकावं. सांबराचं सांगितलं. सायेब लिवून घेत हुता. म्हटलं, आता ह्यो इचारंल, आनि काय? मंग सांगीन. त्यानं इचारलंच न्हाई." त्यांनी विळा पुन्हा उचलला. "सांबरापायी जेल झाली. लोकांना वाटलं, फिटलं."

मी उठून बांधावर गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. आबांच्या शेजारी बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता, खेकड्याच्या नांगीसारखा, अंगठा आणि करंगळी.

"आबा, नाना आत्ता मला म्हणाले..."

"मला ठाव हाय."

"काय ठाव आहे?"

"तू मागं हुतीस. मी म्होरं हुतो." ते खाली, वाकून कापणाऱ्या भावाकडे बघत होते. "सांबर माझ्या पाठीमागं बाजूला पडलं हुतं. नामाचं डोळं माझ्यावर हुतं. लष्करात असली नजर बघितलीया मी. ती वळखाय येती."

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

 वाऱ्यानं वाळल्या पानांचा आवाज होत होता.

"त्यानंच मला पाठीवर घिऊन उतरवलं. निसरड्यात तोंडावर आपटला, दात पडला त्याचा, पर मला भुईला लागू दिलं न्हाई. ते बी त्यानंच केलं आन् हे बी त्यानंच. त्यातलं कुठलं खरं धरू? मला अजून उमगलं न्हाई. काही दिवस सकाळी बटणं लावाया त्यो जवळ आला की मला त्याचा गळा धरावासा वाटायचा. ह्या हातानं धरता येत न्हाई म्हणून वाचला." ते हसले नाहीत. मीही हसले नाही.

ऊन डोक्यावर आलं तशी आईनं पाठवलेली भाकरी मी सोडली. आबांनी खाली हाक मारली, "नामा, ये. जेवून घे."

नाना आले. आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. ते क्षणभर बांधाखालीच थांबले, मग वर चढले, हात धुतले आणि आबांच्या समोर बसले. मी दोघांपुढे भाकरी आणि ठेचा ठेवला. आबांनी उजव्या हातात भाकरी धरली आणि अंगठ्यानं तुकडा मोडायला लागले. भाकरी मोडेना. नानांनी हात पुढे केला आणि भाकरीची दुसरी कड धरली.

आबांनी भाकरी सोडली नाही. दोघांनी दोन बाजूंनी ती धरून ठेवली होती आणि दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते.  मग आबांनी हात सैल सोडला.

"मोड," ते म्हणाले.